जॅनिस शिनवारी यांचा व्हिसा: एका दुभाष्याला दिलेला शब्द आणि तो पाळण्यासाठी झालेली धडपड

अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्यासाठी आठ-नऊ वर्षं दुभाष्याचं काम केलेल्या जॅनिस शिनवारी यांना २०१३ च्या सप्टेंबरात अमेरिकेचा व्हिसा मिळाला आणि काही दिवसांतच तो रद्द झाला. दोन वर्षांचा पाठपुरावा, बायको आणि दोन मुलांसह निघायची तयारी, सगळं पाण्यात गेलं. पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेत बसलेल्या एका माजी सैनिकाने अशी काही धावाधाव केली की ऑक्टोबर संपायच्या आत हे कुटुंब वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरलं.

युद्धात साथ दिलेल्या स्थानिक माणसांबद्दलची कृतज्ञता प्रत्यक्षात कशी चालते, कुठे अडते आणि कोणाच्या जोरावर तडीस जाते, हे या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसत असेल. गोष्टीचा शेवट गोड झाल्यामुळे ती बहुतेक वेळा शूर दुभाषा आणि कृतज्ञ सैनिक यांची मैत्रीकथा म्हणून सांगितली जाते. मैत्री होती, यात शंका नाही. पण ती पुरेशी होती का, हे पाहण्यासाठी प्रकरण पहिल्यापासून तपासायला हवं.

वाघेझ, २८ एप्रिल २००८

गझनी म्हटलं की आपल्याला महमूद आणि सोरटी सोमनाथ आठवतो. २००८ साली अमेरिकी सैन्याच्या लेखी गझनी हा काबूल-कंदाहार महामार्गावरचा एक अत्यंत धोक्याचा प्रांत होता. मॅट झेलर हे तरुण लष्करी अधिकारी अफगाण पोलीस आणि सैन्याला सल्ला आणि प्रशिक्षण देणाऱ्या तुकडीत तिथे नुकतेच दाखल झाले होते. येऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील. २८ एप्रिलला वाघेझ भागात त्यांच्या गस्तीवर तालिबानने हल्ला केला. चकमक लांबली. स्फोटाच्या धक्क्याने झेलर फेकले गेले. मदतीला आलेल्या कुमकेत शिनवारी होते. मागच्या बाजूने दोन तालिबानी झेलर यांच्या दिशेने येत होते आणि झेलर यांना त्याचा पत्ता नव्हता. शिनवारी यांनी आपल्या बंदुकीने त्या दोघांना टिपलं. दोघांची ओळखही तोवर धड झालेली नव्हती. आपण तुमच्या दुभाष्यांपैकी एक आहोत, ही ओळख शिनवारी यांनी त्याच धुमश्चक्रीत करून दिली, असं झेलर यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे.

दुभाष्याच्या हातात बंदूक असणं हा नियम नव्हता, बहुतेकांकडे शस्त्र नसे. त्यांचं काम गावच्या वडीलधाऱ्यांशी बोलणी करून देण्याचं, पण तेवढंच कधीच नसायचं. तालिबानचे लोक वॉकीटॉकीवर बोलत आणि दुभाषा स्कॅनर कानाला लावून ते ऐकत चाले. पुढच्या वळणावर कोणी दबा धरून बसलंय का, समोरचा म्हातारा खरं बोलतोय की कोणाच्या धाकाने बोलतोय, नेहमी रस्त्यावर खेळणारी पोरं आज का दिसत नाहीत, हे सगळं तो वाचायचा आणि अधिकाऱ्याला सांगायचा. वर्षभरासाठी आलेल्या परदेशी सैनिकाचे डोळे आणि कान त्याच्याकडे गहाण असत. शिनवारी यांनी एकूण पाच अमेरिकी सैनिकांचे प्राण वाचवल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

झेलर यांनी तेव्हाच शब्द दिला की तुला आणि तुझ्या कुटुंबाला अमेरिकेत नेण्यासाठी जे करावं लागेल ते करीन. मग त्यांची वर्षाची मुदत संपली आणि ते मायदेशी परतले. दुभाष्याची मुदत मात्र संपत नसते. एक तुकडी जाते, दुसरी येते, तो तिथेच असतो. शिवाय तो त्याच मुलखातला. त्याचं गाव, जमात, सासुरवाडी सगळं शोधून काढता येतं. परदेशी फौजेसाठी काम करणाऱ्यांच्या दारावर रात्री धमकीची चिठ्ठी चिकटवायची ही तिथली जुनी रीत. शिनवारी यांचं नाव तालिबानच्या मारायच्या यादीत होतं. नोकरी सोडून तळाबाहेर पडणं म्हणजे मरण ओढवून घेणं, आणि नोकरी चालू ठेवली की यादीतलं नाव आणखी पक्कं.

कायदा होता

अमेरिकेने या लोकांसाठी काही केलंच नव्हतं असं नाही. २००६ सालच्या संरक्षण कायद्यात इराकी आणि अफगाण दुभाष्यांसाठी खास स्थलांतर व्हिसाची तरतूद झाली, पण वर्षाला जेमतेम ५०. पुढे दोन वर्षांपुरता हा आकडा ५०० केला गेला. २००९ साली अफगाण सहकाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि पाच वर्षं दरवर्षी १५०० व्हिसा देता येतील असं ठरलं. दुभाषेच नव्हे, अमेरिकी सरकारसाठी किंवा त्याच्या वतीने काम केलेले चालक, पहारेकरी, कारकून, स्वयंपाकीही त्यात बसत होते. या व्हिसाला सगळे एसआयव्ही म्हणतात. तो घेऊन आलेल्या माणसाला थेट कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे ग्रीन कार्ड मिळतं.

कागदावर हे उत्तमच होतं. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्यक्ष दिलेले व्हिसा मात्र कोट्याच्या मानाने फारच थोडे होते. अडचण पैशाची नव्हती, कोट्याचीही नव्हती. कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, तिथे घोडं अडत होतं.

अर्जदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागत. किमान ठरावीक काळ नोकरी केली, सेवा निष्ठेची आणि उपयोगाची होती, आणि त्या सेवेमुळे आज जिवाला गंभीर धोका आहे. नोकरीचा पुरावा मनुष्यबळ विभागाने द्यायचा. बरेचसे दुभाषे सैन्याच्या नव्हे, तर खाजगी कंत्राटदार कंपन्यांच्या पगारपत्रकावर होते. कंत्राट संपलं, कंपनी बदलली, दफ्तर हरवलं की पुरावा संपला. दुसरा कागद म्हणजे ज्या अमेरिकी वरिष्ठाच्या हाताखाली काम केलं त्याचं शिफारसपत्र. हा वरिष्ठ वर्षभर असायचा आणि मग जगाच्या पाठीवर कुठेही. त्याचा सैन्यातला ईमेल पत्ता एव्हाना बंद झालेला. काबूलमधल्या माणसाने त्याला शोधायचं कसं? धोक्याचा पुरावा हा तर क्रूर विनोदच होता. तालिबान ज्या धमक्या देतं त्यातल्या निम्म्या फोनवर किंवा तोंडी. त्याची प्रत कुठून आणणार?

हे सगळं जमलं तर अर्ज काबूलच्या दूतावासात प्रमुखांच्या मंजुरीला जायचा, मग वॉशिंग्टनला, मग पुन्हा मुलाखत, वैद्यकीय तपासणी, वेगवेगळ्या यंत्रणांकडून सुरक्षा छाननी. सरकारी हिशेबानेच हे चौदा टप्पे होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. २०१३ च्या अखेरीस अमेरिकी संसदेने या कामासाठी नऊ महिन्यांची मर्यादा घालून दिली, पण त्यानंतरही तीन-चार वर्षं लागणं ही नेहमीची गोष्ट राहिली. त्यात भर लाय डिटेक्टरची. तळावर वेळोवेळी होणाऱ्या चाचणीत यंत्राने शंका दाखवली की नोकरी जायची, आणि नोकरी गेली की व्हिसाचा अर्जही अडायचा. वर्षानुवर्षं गोळ्या झेललेला माणूस एका दुपारच्या तपासणीत अपात्र ठरायचा, आणि दाद मागायची तर कुठे, हे त्याला कोणी सांगत नसे.

ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं काढलेल्या मराठी माणसाला या कारभाराची चव ठाऊक आहे. फरक एवढाच की आपल्या रांगेत उशीर झाला तर नोकरीची चिंता असते.

व्हिसा मिळाला, गेला, पुन्हा मिळाला

अर्ज २०११ च्या सुमारास झाला. तोवर झेलर यांच्या आयुष्यात बरंच घडून गेलं होतं. युद्धावरून परतल्यावर मनावर झालेल्या जखमांशी आपण कसे झगडत होतो हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. २०१० साली न्यूयॉर्क राज्यातून डेमोक्रॅटिक पक्षातर्फे त्यांनी संसदेची निवडणूक लढवली आणि ते हरले. सीआयएमध्येही त्यांनी काम केलं होतं. हा तपशील मुद्दाम देतोय, कारण पुढे जे झालं त्यात त्याला महत्त्व आहे. वॉशिंग्टनमध्ये कोणता दरवाजा ठोठावायचा, खासदाराच्या कचेरीत कोणाशी बोललं की फाइल हलते, पत्रकाराला बातमी कशी द्यायची, हे या माणसाला माहीत होतं.

दोन वर्षं अर्ज भिजत पडला. २०१३ साली अमेरिकी फौजा माघारीच्या तयारीत होत्या, तळ बंद होत होते आणि शिनवारी यांना आपला तळ गेल्यावर काय, ही चिंता होती. झेलर यांनी सह्यांची ऑनलाइन मोहीम उघडली, वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर प्रकरण गाजवलं, खासदारांना गाठलं. सह्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. सप्टेंबरात व्हिसा मिळाला.

आणि मग तो रद्द झाला. कारण नीट सांगितलं गेलं नाही. झेलर यांचा तर्क असा की प्रसिद्धीमुळे शिनवारी यांना व्हिसा मिळाल्याचं तालिबानलाही कळलं, आणि कोणीतरी त्यांच्याविरुद्ध खोटी खबर पोहोचवली. हा तर्क सिद्ध झालेला नाही. तरी तो अशक्य कोटीतलाही नाही. निनावी खबरीवर फाइल थांबवायची आणि ज्याच्याबद्दल खबर आहे त्याला ती दाखवायचीही नाही, अशी पद्धत असेल तर शत्रूला माणूस मारायला गोळी लागत नाही, एक फोन पुरतो.

झेलर यांनी पुन्हा सगळी फळी कामाला लावली. शिनवारी यांना नव्याने चौकशीला आणि लाय डिटेक्टरच्या चाचण्यांना सामोरं जावं लागलं. ते त्यातून पार पडले आणि व्हिसा परत मिळाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये कुटुंब अमेरिकेत आलं, तेव्हा विमानतळावर झेलर आणि कॅमेरे हजर होते.

इथे थोडं थांबून एक हिशेब मांडतो. या एका व्हिसामागे काय काय लागलं? प्राण वाचवल्याची थरारक आणि साक्षीदार असलेली घटना. तो प्रसंग न विसरणारा अधिकारी. त्या अधिकाऱ्याच्या ओळखी. लाखभर सह्या. राष्ट्रीय पातळीवरची प्रसिद्धी. एवढं सगळं असूनही व्हिसा मिळाल्यावर हातून निसटला होता. मग ज्याचा अधिकारी ओहायोत शेती करतो, पत्रकार ओळखत नाही आणि ज्याच्या नावावर एकही चित्तथरारक प्रसंग नाही, फक्त सहा वर्षांचं न चुकता केलेलं काम आहे, त्याचं काय होणार? या प्रकरणाचा खरा धडा मला यशात नाही, तर त्या यशाला लागलेल्या खर्चात दिसतो. राष्ट्राने मानायचे उपकार एका व्यक्तीच्या अंगावर टाकले गेले होते. ती व्यक्ती खमकी निघाली म्हणून निभावलं.

३५ हजार डॉलर आणि नकार

शिनवारी कुटुंबाला नव्या देशात घर मांडता यावं म्हणून झेलर यांनी लोकवर्गणी काढली. सुमारे ३५ हजार डॉलर जमले. शिनवारी यांनी ते घ्यायला नकार दिला. स्वतःसाठी नको, मागे राहिलेल्या आणि येऊ घातलेल्या दुसऱ्या दुभाष्यांसाठी वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या पैशातून नो वन लेफ्ट बिहाइंड ही संस्था सुरू झाली. रणांगणात सोबत्याला मागे टाकायचं नाही, या सैनिकांच्या शपथेवरून नाव घेतलं.

उपकाराची परतफेड करायला निघालेल्या माणसाला ज्याचे उपकार होते त्यानेच अडवलं आणि वाट दाखवली, हा या प्रकरणातला सगळ्यात विलक्षण वळणबिंदू. पैसे घेतले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण मग गोष्ट दोन मित्रांपुरतीच राहिली असती. झेलर यांना कर्ज फेडल्याचं समाधान मिळालं असतं आणि काबूलमधल्या इतरांच्या हाती काही लागलं नसतं. शिनवारी यांनी नकार देताच मदत घेणारा आणि देणारा ही विभागणीच मोडली. ते पाहुणे न राहता संस्थेचे सहसंस्थापक झाले. नव्याने येणाऱ्या दुभाष्याला भेटायला जाणारा माणूस त्याच्याच भाषेत बोलणारा, त्याच वाटेने आलेला असू लागला.

संस्थेची सुरुवातीची कामं अगदी घरगुती होती आणि म्हणूनच मोलाची. विमानतळावर घ्यायला जाणं. रिकाम्या फ्लॅटमध्ये पलंग, गाद्या, भांडी, मुलांचे कपडे नेऊन ठेवणं. भाड्याला हातभार. जुनी का होईना, चालणारी गाडी मिळवून देणं. सरकारी मदत पुनर्वसन संस्थांमार्फत मिळते, पण तिचा भर पहिल्या ९० दिवसांवर असतो. तेवढ्यात सोशल सिक्युरिटी क्रमांक, मुलांच्या शाळा, नोकरी, वाहन परवाना हे सगळं उरकायचं. अमेरिकेत नव्याने गेलेल्या कोणत्याही मराठी जोडप्याला विचारा, क्रेडिटचा इतिहास नसलेल्या माणसाला घर भाड्याने मिळवताना काय होतं ते. त्यांच्या हातात निदान कंपनीचं नेमणूकपत्र तरी असतं. अफगाण दुभाष्याकडे असतं ते काही सैनिकांनी दिलेल्या प्रशस्तिपत्रकांचं बाड, आणि भाड्याच्या घराचा मॅनेजर त्याकडे बघतही नाही. त्या जागी एखादा माजी सैनिक सोबत उभा राहिला, मी या माणसाला ओळखतो म्हणाला, तर चित्र पालटतं. जामीन राहणं, हमी देणं, ओळख घालून देणं: कृतज्ञतेचं हे रूप भाषणात दिसत नाही, पण बिऱ्हाड त्यावर उभं राहतं.

यात एक बोचरी गोष्टही आहे. मायदेशी इंजिनीअर किंवा शिक्षक असलेले, दोन-तीन भाषांत पारंगत असलेले हे लोक इथे गोदामात खोकी उचलतात, टॅक्सी चालवतात. पदवीला मान्यता नाही, गोळीबारात केलेल्या कामाचा अनुभव अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहायचा तेही कळत नाही. गौरव समारंभाचं आमंत्रण येतं तेव्हा बरेचदा त्यांची रात्रपाळी असते.

शिनवारी २०२० साली अमेरिकेचे नागरिक झाले.

कृतज्ञता कोणाला लागू पडते?

या प्रकरणासारखंच एक दुसरं शेजारी ठेवून पाहतो. फेब्रुवारी २००८ मध्ये हिमवादळामुळे अमेरिकी हेलिकॉप्टरांना अफगाण डोंगरात उतरावं लागलं. आत तीन सिनेटर होते: जो बायडेन, जॉन केरी आणि चक हेगेल. त्यांना सोडवायला काबूलजवळच्या बगराम तळाहून गेलेल्या तुकडीसोबत अमान खलिली हे दुभाषे होते. त्यांचा व्हिसा अडकला, कारण ज्या कंत्राटदाराकडे ते नोकरीला होते त्याच्याकडून नोकरीची कागदपत्रं गहाळ झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा बायडेन स्वतः राष्ट्राध्यक्ष होते, आणि खलिली तिथेच मागे राहिले. अमेरिकी वर्तमानपत्रातून त्यांनी राष्ट्राध्यक्षांना मदतीची हाक घातली. बातमी जगभर गेली. माजी सैनिक मदतीला धावले आणि ऑक्टोबरात ते कुटुंबासह पाकिस्तानमार्गे बाहेर पडले.

दोन्ही प्रकरणांत शेवट एकच आणि रस्ताही एकच: कागद अडला, बातमी झाली, माजी सैनिकांनी ओढून काढलं. भावी राष्ट्राध्यक्षाच्या सुटकेला गेलेल्या माणसाला जर वर्तमानपत्र लागलं, तर यंत्रणेला लाज आणल्याशिवाय ती हलत नाही असाच निष्कर्ष निघतो.

हा दोष एकट्या अमेरिकेचा नाही. ब्रिटनने २०१३ साली अफगाण कर्मचाऱ्यांसाठी योजना जाहीर केली तेव्हा पात्रतेसाठी १९ डिसेंबर २०१२ या तारखेला नोकरीत असणं आवश्यक ठरवलं. ब्रिटिश फौजा जिथे लढल्या त्या हेल्मंड प्रांतातल्या सगळ्यात रक्तरंजित वर्षांत राबून त्याआधी नोकरी सुटलेले त्यातून बाद झाले. तिथेही माजी अधिकाऱ्यांनीच सुल्हा अलायन्ससारखे गट उभारून नियम बदलायला लावण्यासाठी झुंज दिली. पुढे, २०२२ साली, ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडून स्थलांतरासाठी अर्ज केलेल्या जवळपास १९ हजार अफगाणांची माहिती फुटली, आणि ही गोष्ट न्यायालयीन आदेशाने जुलै २०२५ पर्यंत जनतेपासून दडवून ठेवली गेली. तालिबानपासून लपायला ज्यांच्याकडे नाव नोंदवलं, त्यांनीच यादी बाहेर जाऊ दिली.

आपल्याकडे याची एक लहान पण थेट झळ पोहोचली होती. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांची संख्या तेव्हा बरीच मोठी होती. कोविडच्या काळात त्यातले काही मायदेशी गेले होते. काबूल पडल्यावर, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले आणि भारताबाहेर असलेल्यांकडचे सगळे व्हिसा रद्द ठरवले आणि नव्याने ई-व्हिसा घ्यायला सांगितलं. सुरक्षेचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. पण विद्यापीठात नाव असलेली मुलं तिकडेच अडकली. मित्रदेश म्हणवणं आणि संकटात दार उघडं ठेवणं यांतलं अंतर आपल्यालाही पार करता आलं नाही, एवढं कबूल करायला हरकत नसावी.

ग्वामचा पर्याय आणि ऑगस्ट २०२१

झेलर २०२१ च्या सुरुवातीपासून सांगत होते की सैन्य निघण्याआधी अर्जदारांना बाहेर काढा, छाननी सुरक्षित जागी करा. पॅसिफिकमधलं, अमेरिकेच्या ताब्यातलं ग्वाम बेट त्यांनी सुचवलं. ही कल्पना नवी नव्हती. १९७५ साली सायगाव पडल्यावर एक लाखाहून जास्त व्हिएतनामी निर्वासित ग्वाममार्गे अमेरिकेत गेले होते. १९९६ साली उत्तर इराकमधून सहा हजारांवर कुर्द आणि इतरांना तिथेच आणून कागदपत्रं पूर्ण केली गेली. करून पाहिलेली, यशस्वी झालेली पद्धत होती. २०२१ मध्ये एसआयव्हीचे १८ हजारांहून जास्त अर्ज तुंबलेले होते, कुटुंबीय वेगळेच.

सरकारने ऐकलं, पण फार उशिरा आणि फार थोडं. पहिलं खास विमान सुमारे दोनशे माणसांना घेऊन ३० जुलै २०२१ ला अमेरिकेत उतरलं. १५ ऑगस्टला काबूल पडलं.

पुढचे दोन आठवडे जगाने पाहिले. पडद्यामागे जे चाललं होतं ते आपल्या प्रकरणाशी जोडलेलं आहे. अमेरिकाभर माजी सैनिक आपापल्या घरात फोन घेऊन बसले आणि आठ हजार मैलांवरच्या गर्दीतून एकेका कुटुंबाला विमानतळाच्या फाटकापर्यंत न्यायला लागले. फाटकावर ओळख पटावी म्हणून खुणा ठरल्या. एका गटाने फोनच्या पडद्यावर अननसाचं चित्र दाखवायला सांगितलं. लोक गटाराच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहून हातातली कागदपत्रं उंचावत होते. २६ ऑगस्टला विमानतळाच्या ॲबी गेट या फाटकाजवळच्या आत्मघाती स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण मारले गेले. महिनाअखेरीपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास माणसं बाहेर काढली गेली. हे प्रचंड काम होतं, पण त्यात एसआयव्हीचे अर्जदार तुलनेने थोडेच होते. ज्यांच्यासाठी ही सगळी आरडाओरड वर्षानुवर्षं चालली होती त्यातले बरेच मागे राहिले.

शिनवारी-झेलर प्रकरण इथे हजारोंनी गुणलं गेलं, असं म्हणता येईल. प्रत्येक दुभाष्याचा एक झेलर, प्रत्येकाचा एक फोन. ज्यांचा झेलर नव्हता ते राहिले. या काळात फोनवर बसलेल्या सैनिकांपैकी अनेकांनी नंतर लिहिलं-बोललं की स्वतः लढलेल्या युद्धापेक्षा ते दोन आठवडे त्यांना अधिक छळतात. आपण काढू शकलो त्यांची नावं त्यांना आठवत नाहीत, न काढू शकलेल्यांची आठवतात. सरकारने न उचललेला भार माणसावर टाकला की तो कुठे जाऊन बसतो, हे त्यावरून कळावं.

विमानाने आलेल्या सुमारे ७६ हजार अफगाणांपैकी बहुतेकांना एसआयव्ही नव्हे, तर तात्पुरता मानवतावादी प्रवेश मिळाला. त्यांना कायमचा दर्जा देणारं विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेत मांडलं गेलं. माजी सैनिकांच्या संघटना त्यामागे उभ्या राहिल्या, दोन्ही पक्षांतले खासदार सह्या करून गेले, पण ते मंजूर झालं नाही. एसआयव्हीचा एकूण कोटा मात्र टप्प्याटप्प्याने वाढत २०२४ साली ५०,५०० वर गेला. नो वन लेफ्ट बिहाइंडने या सगळ्या वर्षांत मारल्या गेलेल्या दुभाष्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची नोंद ठेवली, आणि ती संख्या ३०० च्या पुढे आहे.

सद्यस्थिती

नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या दोन सैनिकांवर गोळीबार झाला आणि त्यातली एक तरुण महिला सैनिक मरण पावली. आरोपी २०२१ साली आलेला अफगाण होता. तो तिकडे सीआयएच्या पाठबळावरच्या पथकात लढलेला होता. काही दिवसांतच अमेरिकेने अफगाण पासपोर्टवर व्हिसा देणं थांबवलं, आणि त्यात एसआयव्हीही आले. म्हणजे ज्यांची छाननी दहा वेळा झाली, ज्यांच्या फाइलवर अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सह्या आहेत, त्यांनाही एका माणसाच्या गुन्ह्यामुळे दार बंद. उपकार मोजताना प्रत्येकाला एकेकटं उभं करून पुरावा मागायचा आणि संशय घेताना सगळ्यांना एकत्र धरायचं, हा न्याय कोणाला पटत असेल असं वाटत नाही. निषेधाच्या पत्रांवर पहिल्या सह्या पुन्हा माजी सैनिकांच्याच होत्या.

एसआयव्हीच्या पहिल्या, म्हणजे दूतावास प्रमुखांच्या मंजुरीसाठी नवे अर्ज करण्याची कायद्यात ठरलेली मुदत ३१ डिसेंबर २०२५ ही होती. मंजुरी मिळालेली पण व्हिसा हाती न आलेली कुटुंबं पाकिस्तानात आणि इतर देशांत अडकून आहेत, आणि पाकिस्तानने २०२३ पासून अफगाणांना परत पाठवायची मोहीम चालवली आहे. या लोकांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थांकडे सध्या दोनच हत्यारं उरली आहेत: न्यायालय आणि खासदारांच्या कचेऱ्या. जोडीला जुनं काम चालूच आहे, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी कुठल्याशा खोऱ्यात एक वर्ष काढून गेलेल्या कॅप्टनचा आजचा पत्ता शोधायचा आणि त्याच्याकडून शिफारसपत्रावर सही घ्यायची.